फुल-डुप्लेक्स सेलमध्ये अपलिंकला आवरायचं कसं? (सिम्युलेशन रडतंय)

शून्य डेसिबल

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, एका सेलचं सिम्युलेशन लिहितोय. बेस स्टेशन फुल-डुप्लेक्स आहे, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलणार आणि ऐकणारही. हँडसेट मात्र साधे, हाफ-डुप्लेक्स. एका स्लॉटमध्ये (वेळेच्या एका छोट्या तुकड्यात) एक तर पाठवतील नाहीतर घेतील. त्यामुळे दर स्लॉटला दोन गडी लागतात, एक अपलिंकचा (हँडसेटकडून बेस स्टेशनकडे) आणि एक डाउनलिंकचा (बेस स्टेशनकडून हँडसेटकडे).

शेड्युलर (कोणत्या स्लॉटला कोण ते ठरवणारा) अगदी सरळ ठेवलाय. डाउनलिंकला ज्याचा सिग्नल सगळ्यात चांगला तो, अपलिंकलाही तोच नियम, फक्त माणूस दुसरा. ३.५ गिगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झ रुंदी, छोटा सेल, बेस स्टेशनची पॉवर २४ डीबीएम (पॉवर मोजायचं डेसिबलमधलं एकक). बेस स्टेशनचा स्वतःचा आवाज (त्याचाच सिग्नल त्याच्याच रिसीव्हरमध्ये घुसतो तो) ११० डेसिबलने दाबला जातो असं धरलंय.

दुप्पट नाही तरी दीडपट थ्रूपुट (दर सेकंदाला पोचणारा डेटा) मिळेल असं वाटलं होतं. मिळालं साध्या टीडीडीपेक्षाही (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणं-ऐकणं) कमी! कोड तीनदा तपासला. गणितात चूक आहे की समजुतीत?

---

वाचनमात्र

विषय डोक्यावरून गेला, पण धागा पकडून बसलोय. एक बाळबोध प्रश्न. एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलताना ऐकता येत नाही ते का? आपण फोनवर बोलता बोलता समोरच्याचं ऐकतोच की.

---

फुरसतीत

@वाचनमात्र, प्रश्न बाळबोध नाही. फोनवर दोन्हीकडचं एकदम चालतं कारण दोन दिशांना दोन फ्रिक्वेन्सी दिलेल्या असतात (एफडीडी), किंवा इतक्या झटपट पाळ्या लावलेल्या असतात (टीडीडी) की आपल्याला कळत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी करायचं म्हटलं की अडचण अशी: बेस स्टेशनचा स्वतःचा आवाज स्वतःच्याच कानाशी २४ डीबीएमने, आणि दूरच्या हँडसेटचा सिग्नल येतो नॉइज फ्लोअरच्या (रिसीव्हरमधल्या कायमच्या गोंगाटाच्या पातळीच्या) आसपास. २० मेगाहर्ट्झला नॉइज फ्लोअर काढा: दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम, त्यात रुंदीचे ७३ मिळवा, रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाचे ५ मिळवा. उणे ९६ डीबीएम. म्हणजे स्वतःचा आवाज १२० डेसिबलने खाली ढकलला तर तो नॉइजच्या बरोबरीला येतो. १२० डेसिबल म्हणजे एकास एक लाख कोटी. कानाशी ढोल वाजतोय आणि मैदानापलीकडची कुजबूज ऐकायचीय.

आणि हा ढोल आपलाच आहे, काय वाजतंय ते ठाऊक आहे, तर वजा का करू नये? करतातच. पण आधी अँटेनाकडे, मग अ‍ॅनालॉगमध्ये, आणि उरलेलं डिजिटलमध्ये. सगळं डिजिटलवर सोडता येत नाही, कारण १२ बिटांच्या एडीसीची (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपची) झेप कागदावरही ७४ डेसिबलच. अ‍ॅनालॉगने आधी बरंचसं खाल्लं नाही तर ढोलानेच एडीसी भरून जातो, कुजबूज आत शिरतच नाही.

२०१० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दोन पाठवणाऱ्या अँटेना एका ऐकणाऱ्या अँटेनापासून अर्ध्या तरंगलांबीच्या फरकाने ठेवून दाखवल्या, म्हणजे दोघींचा आवाज तिथे एकमेकांना मारतो. २.४ गिगाहर्ट्झला हा फरक सव्वासहा सेंटिमीटर. राइस विद्यापीठातही त्याच सुमारास काम चालू होतं. मग २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने एकाच अँटेनावर वायफायचा आवाज ११० डेसिबलने दाबला. त्यांना थ्रूपुट १.८७ पट मिळालं. तेव्हापासून 'दुप्पट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय.

---

टॉवरवाली

त्या १.८७ पटीत दोनच रेडिओ होते आणि दोन्ही फुल-डुप्लेक्स. @शून्य डेसिबल, तुमच्याकडे तिसरा माणूस आहे. तिथेच गोची आहे.

एक सांगा. हँडसेटची पॉवर किती ठेवलीय?

---

शून्य डेसिबल

सगळ्यांची २३ डीबीएम. कमाल तेवढीच असते ना? २०० मिलिवॉट. पॉवर कंट्रोल 'नंतर घालू' म्हणून ठेवलं होतं. :(

---

टॉवरवाली

मग सापडला चोर. तुमचा शेड्युलर डाउनलिंकला सगळ्यात चांगला गडी निवडतो, तो बेस स्टेशनच्या जवळचा. अपलिंकलाही सगळ्यात चांगला निवडतो, तोही बेस स्टेशनच्या जवळचा. म्हणजे दोघे एकमेकांच्याही जवळ! दोघांत १० मीटर धरा. ३.५ गिगाहर्ट्झला १ मीटरवर ४३ डेसिबल जातात, १० मीटरवर ६३. अपलिंकवाला २३ डीबीएमने ओरडतोय, शेजाऱ्याच्या कानात पोचतोय उणे ४०. शेजाऱ्याला बेस स्टेशनकडून काय मिळतं? पाथ लॉस (वाटेत जाणारे डेसिबल) ८० धरला तर २४ वजा ८०, उणे ५६. ज्याचं ऐकायचं त्याच्यापेक्षा शेजारी १६ डेसिबलने मोठा. डाउनलिंक गेलीच.

बेस स्टेशनचा स्वतःचा आवाज हा या गोष्टीतला जुना खलनायक. त्याला आपण ओळखतो, तो काय बोलणार ते आधी माहीत असतं. पण शेजारच्या हँडसेटचा आवाज डाउनलिंकवाल्याला वजा करता येत नाही, कारण तो काय बोलतोय हेच त्याला माहीत नाही. म्हणून अपलिंक 'आवरावी' लागते. कुणाला बोलू द्यायचं, किती जोरात, आणि त्या वेळी कोण ऐकत असेल, हे तीन निर्णय एकत्रच घ्यायचे.

---

शून्य डेसिबल

पॉवर कंट्रोल घातला. एलटीईचं (४जीचं) नेहमीचं सूत्र: पायाभूत पॉवर उणे ९०, पाथ लॉसची ०.८ भरपाई, १०० रिसोर्स ब्लॉकचे (फ्रिक्वेन्सीच्या तुकड्यांचे) २० डेसिबल. पाथ लॉस ८० असताना उणे ९० अधिक ६४ अधिक २०, उणे ६ डीबीएम. शेजाऱ्याला त्रास आता उणे ६९, त्याचा डाउनलिंक एसआयएनआर (सिग्नल हा इतरांचा त्रास आणि गोंगाट मिळून किती वर ते) १३ डेसिबल. डाउनलिंक जिवंत झाली!

पण आता अपलिंक मेली. बेस स्टेशनला उणे ८६ मिळतात. ११० डेसिबल दाबूनही माझा स्वतःचा उरलेला आवाज २४ वजा ११०, तोही उणे ८६. एसआयएनआर शून्याखाली. (माझ्या आयडीचं सार्थक झालं.) एकट्या अपलिंकच्या स्लॉटमध्ये हाच माणूस १० डेसिबलवर होता.

---

फुरसतीत

हत्ती गेला, शेपूट राहिलं. ते शेवटचे १० डेसिबल म्हणजे शेपूट.

---

जुना खांब

इथे एक नेहमीची चूक होते, मीही केलेली आहे. एकाच पॉवर सेटिंगवर दोन्ही प्रकारचे स्लॉट चालवायचे नाहीत. ज्या स्लॉटमध्ये बेस स्टेशन एकाच वेळी बोलतही आहे, तिथे त्याचा नॉइज फ्लोअर वर गेलेला असतो, म्हणून हँडसेटला तेवढंच वर यावं लागतं. साध्या स्लॉटला एक पायाभूत पॉवर, फुल-डुप्लेक्स स्लॉटला दुसरी. यात नवीन काही नाही. एलटीईच्या रिलीज १२ मध्ये (मानकाच्या बाराव्या आवृत्तीत) डायनॅमिक टीडीडी, म्हणजे गरजेप्रमाणे पाळ्या बदलणारं टीडीडी आलं तेव्हाच सबफ्रेमचे (वेळेच्या तुकड्यांचे) दोन संच करून प्रत्येकाला वेगळी अपलिंक पॉवर देण्याची सोय झाली होती.

तुमच्या आकड्यांवर करून पाहा. फुल-डुप्लेक्स स्लॉटमध्ये १० डेसिबल चढवा, म्हणजे ४ डीबीएम. अपलिंक पुन्हा साडेनऊ डेसिबलच्या वर. पण १० मीटरवरचा शेजारी पुन्हा खाली, जेमतेम ३ डेसिबल. तोच शेजारी ४० मीटरवर असता तर १५. पॉवर आणि जोडी ही एकाच गाठीची दोन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं आवळतं.

---

आकडेमोड

खांबकाकांचे आकडे घेऊन शॅननचं सूत्र (एसआयएनआरवरून जास्तीत जास्त किती बिट जातील ते सांगणारं) लावलं. दर सेकंदाला दर हर्ट्झला किती बिट ते काढलं. डाउनलिंक एकटी असताना ३० डेसिबलच्या वर हार्डवेअरच थकतं म्हणून ३० धरले.

टीडीडी, अर्धा-अर्धा वेळ: (९.९७ + ३.४६) ÷ २ = ६.७
फुल-डुप्लेक्स, जोडी ४० मीटरवर: ५.१३ + ३.३४ = ८.५
फुल-डुप्लेक्स, जोडी १० मीटरवर: १.६५ + ३.३४ = ५.०

म्हणजे चांगली जोडी लावली तर २६ टक्के फायदा. वाईट जोडी लावली तर गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. अगदी असंच @शून्य डेसिबल यांच्या सिम्युलेशनमध्ये झालं असणार.

---

चतुर्थांश तरंग

आकडेमोड, तुलना लबाड आहे. फुल-डुप्लेक्समध्ये हँडसेटला ४ डीबीएम दिलेत आणि टीडीडीमध्ये उणे ६ वरच बसवलंय. टीडीडीलाही ४ द्या की! मग त्याची अपलिंक २० डेसिबलवर जाते, ६.६६. सरासरी (९.९७ + ६.६६) ÷ २ = ८.३. तुमचे ८.५ कुठे आणि ८.३ कुठे. दोन टक्क्यांसाठी एवढा खटाटोप?

---

आकडेमोड

बरोबर. चूक कबूल. वरचा २६ टक्क्यांचा आकडा कुणी कुठे चिकटवू नका. (शेजारच्या सेलना त्रास होऊ नये म्हणून टीडीडीतही पॉवर बांधून ठेवतात, त्यामुळे अगदीच लबाड नव्हती, पण असो.)

---

शून्य डेसिबल

म्हणजे फुल-डुप्लेक्सचा उपयोगच नाही? दोन महिने पाण्यात?

---

टॉवरवाली

उपयोग आहे, पण तुम्ही चुकीच्या माणसासाठी मोजताय. बेस स्टेशनच्या पायथ्याशी बसलेल्या हँडसेटला फुल-डुप्लेक्स काय देणार? त्याच्याकडे आधीच भरपूर आहे. लॉगरिदमचा स्वभावच असा की वरच्या टोकाला डेसिबल ओतले तरी बिट फारसे वाढत नाहीत, आणि अर्धा वेळ वाचवायला जाऊन १५ डेसिबल गमावले की हिशेब बरोबरीत सुटतो.

सेलच्या कडेचा माणूस घ्या. पाथ लॉस १२०. तो आधीच २३ डीबीएमवर, गळा ताणून ओरडतोय, याहून वर जाऊच शकत नाही. बेस स्टेशनला मिळतात उणे ९७, नॉइज उणे ९६. एसएनआर (नुसत्या गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) उणे १. आता टीडीडीचा नेहमीचा साचा पाहा: तीन डाउनलिंक, एक मिश्र, एक अपलिंक. पाच स्लॉटांत याला एकदाच तोंड उघडायला मिळतं. बाकीचा वेळ गप्प. ०.८४ चा पाचवा हिस्सा, ०.१७.

फुल-डुप्लेक्समध्ये तो पाचही स्लॉट बोलू शकतो. बेस स्टेशनने स्वतःचा आवाज १२० डेसिबलने दाबला तर उरलेला आवाज नॉइजइतकाच, म्हणजे याचे ३ डेसिबल जातात. एसआयएनआर उणे ४. दर स्लॉटला ०.४८, पण प्रत्येक स्लॉटला! ०.१७ च्या जागी ०.४८. पावणेतीनपटीहून जास्त.

आणि त्याची जोडी? बेस स्टेशनजवळचा डाउनलिंकवाला. कडेचा माणूस कितीही ओरडला तरी मधली भिंत-झाडं धरून ११० डेसिबल गेले तर जवळच्याला पोचतात उणे ८७, आणि त्याला बेस स्टेशनकडून मिळताहेत उणे ५६. त्याला पत्ताही लागत नाही. दूरचा बोलणारा आणि जवळचा ऐकणारा. 'दोघांतले सर्वोत्तम' निवडणं सोडा.

---

जुना खांब

+१. अपलिंक म्हणजे मुळात ऊर्जेचं दुखणं. कडेच्या माणसाला पाचपट वेळ म्हणजे ७ डेसिबलची ऊर्जा. ७ डेसिबल कुणी अँटेना बदलून मिळवून दाखवावेत.

फक्त १२० चे ११० झाले की टॉवरवालींचा कडेचा माणूस उणे ११ वर जातो आणि पावणेतीनपट हवेत विरते. जवळच्यांना फरक पडत नाही, ते पॉवर चढवून भागवतात. शेपूट चावतं ते कडेच्यालाच. म्हणून दाबण्याची खोली किती यावरून अपलिंक कुणाला द्यायची ते ठरवा. आज ११० च मिळताहेत? मग कडेच्याला साधे स्लॉट द्या, किंवा तो बोलत असताना बेस स्टेशनने स्वतःची पॉवर १० डेसिबल उतरवावी. जवळच्या ऐकणाऱ्याचे डेसिबल तसेही वाया जात होते.

---

शून्य डेसिबल

हे शेवटचं वाक्य डोक्यात घुसलं. डाउनलिंकची पॉवर कमी करणं म्हणजे हार मानणं, असं मी धरून चाललो होतो.

---

चतुर्थांश तरंग

११० का १२० यावर भांडताय, पण तो आकडा स्थिर नसतो. एका बेंचवर मी हे काम केलंय. सकाळी अ‍ॅनालॉग कॅन्सलर (स्वतःचा आवाज वजा करणारं सर्किट) जुळवला, अ‍ॅनालायझरवर उरलेल्या आवाजाची रेघ खाली, नॉइजला चिकटून. समाधानाने मागे वळलो आणि चाकाची लोखंडी खुर्ची सरकली. रेघ एकदम वर! खुर्ची जागेवर ढकलली, रेघ थोडी उतरली पण पहिल्या ठिकाणी आली नाही, कारण खुर्ची अगदी त्याच जागी गेली नव्हती. अँटेनातून निघालेला आवाज खुर्चीवर आपटून परत कानात येतो, आणि कॅन्सलरला ती वाट माहीतच नव्हती. शेवटी खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने गोल काढले. दोन दिवसांनी साफसफाईत तेही पुसले गेले.

टॉवरवर खुर्ची नसते, पण समोरून बस जाते, पावसात झाडाची पानं ओली होतात. कॅन्सलर पुन्हा जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ज्याला अपलिंक दिलीय तो बुडतो. म्हणून शेड्युलरला उरलेल्या आवाजाचा आकडा दर काही स्लॉटने ताजा मिळायला हवा. स्थिरांक म्हणून कोडात लिहू नका.

---

शून्य डेसिबल

(स्थिरांक म्हणून कोडात लिहिणारा गुपचूप फाईल उघडतो.)

बरं, पुढचा प्रश्न. सिम्युलेशनमध्ये मला कोण कुठे आहे ते माहीत असतं. खऱ्या बेस स्टेशनला कसं कळणार की हा त्याला किती ऐकू जातो? बेस स्टेशन स्वतःचा पाथ लॉस मोजू शकतं, दोन हँडसेटमधला नाही.

---

टॉवरवाली

ऐकणाऱ्यालाच विचारायचं. अपलिंकवाले हँडसेट अधूनमधून एसआरएस नावाचा ओळखीचा सिग्नल सोडतातच, बेस स्टेशनला चॅनल कळावा म्हणून. तोच दुसऱ्या हँडसेटला ऐकायला लावायचा आणि 'किती आला' ते कळवायला सांगायचं. ५जीच्या रिलीज १६ मध्ये हे रीतसर आलं. दोन प्रकार आहेत: कुणाचा एसआरएस किती आला ते, किंवा कोण आहे ते न विचारता एकूण गोंगाट किती ते. तिथे हे डायनॅमिक टीडीडीसाठी आणलं होतं, पण दुखणं तेच.

अडचण संख्येची. ३० बोलणारे आणि ३० ऐकणारे म्हटले तर ९०० जोड्या. सगळ्या मोजत बसलात तर मोजण्यातच स्लॉट जातील, आणि मोजून होईपर्यंत माणसं चालत पुढे गेलेली असतील. म्हणून आधी बीमवरून (अँटेनाची एकेका दिशेला रोखलेली धार) गट पाडायचे. विरुद्ध दिशांच्या बीममधले बहुधा एकमेकांपासून लांब असतात, त्यांना न मोजता जोडी लावा. एकाच बीममधल्यांना आधी वेगळं ठेवा, फारच गरज पडली तर मोजा. संशय असेल तिथेच मोजमाप.

---

आकडेमोड

जोड्या लावणं म्हणजे स्वच्छ असाइनमेंटचा प्रश्न. एका बाजूला बोलणारे, दुसऱ्या बाजूला ऐकणारे, मधे प्रत्येक जोडीचा फायदा. हंगेरियन अल्गोरिदम लावा, सर्वोत्तम उत्तर मिळतं. संख्येच्या घनाइतकं काम, ३० ला काहीच नाही.

---

जुना खांब

कागदावर. खऱ्या शेड्युलरमध्ये दोन्ही बाजू एकाच क्षणी ठरतच नाहीत.

अपलिंकची ग्रँट (बोलायची परवानगी) आगाऊ द्यावी लागते. एलटीई एफडीडीत ४ मिलिसेकंद आधी. हँडसेटला ग्रँट वाचायची, डेटा बांधायचा, वेळ साधून पाठवायचा असतो. ५जीत हे अंतर बदलता येतं, पण बहुतेकदा काही स्लॉट असतंच. उलट डाउनलिंकचा निर्णय त्याच स्लॉटमध्ये होतो, त्या स्लॉटच्या सुरुवातीच्या चिन्हांत (सिम्बॉल, स्लॉटच्या आतले बारीक तुकडे) सांगितलं आणि लगेच पाठवलं. म्हणजे अमुक स्लॉटला कोण बोलणार ते आधीच ठरलेलं, आता फक्त त्याच्या आवाजात कोण तग धरेल तेवढं निवडायचं. त्यामुळे व्यवहारात हंगेरियन वगैरे नाही. अपलिंकला पहिला मान, डाउनलिंक त्याभोवती बसवायची. सोपं आहे आणि काम भागतं.

आणखी एक खोच. एलटीई एफडीडीत अपलिंकचं पॅकेट चुकलं तर ते बरोबर ८ मिलिसेकंदांनी पुन्हा येतं, ठरलेल्या वेळी, नवी ग्रँट न देताही. त्या स्लॉटला तुम्ही नवा बोलणारा ठरवून ठेवला असेल तर घोळ. तो स्लॉट आधीच राखून ठेवा आणि ऐकणाराही लांबचाच निवडा, नाहीतर तेच पॅकेट दुसऱ्यांदा स्वतः तरून शेजाऱ्याला बुडवेल.

---

फुरसतीत

आणि जे बोलावल्याशिवाय येतात त्यांचं काय? नवा हँडसेट सेलमध्ये शिरताना रँडम अ‍ॅक्सेस करतो. उत्तर आलं नाही की दर वेळी आवाज चढवून पुन्हा हाक मारतो. तो कोण, कुठे, हे बेस स्टेशनला ठाऊकच नसतं, मग जोडी काय लावणार?

---

टॉवरवाली

त्यांच्या खिडकीत फुल-डुप्लेक्स करायचंच नाही. तीच गोष्ट पोचपावत्यांची. दोन-चार बिटांची पोच बुडाली म्हणून डाउनलिंकचं अख्खं पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं. हे असे नाजूक स्लॉट साधे ठेवा. सगळीकडे फुल-डुप्लेक्स केलंच पाहिजे असा कायदा नाही.

---

चतुर्थांश तरंग

एवढा वेळ सगळे एकाच सेलमध्ये फिरताय. शेजारी दुसरा सेल ठेवा की मजा बघा. २०० मीटरवरचं तसंच छोटं बेस स्टेशन, मधे अडथळा नाही: ८९ डेसिबल जातात, २४ वजा ८९, उणे ६५ डीबीएम. तुमच्या नॉइजच्या ३१ डेसिबल वर! स्वतःचा आवाज १२० डेसिबलने दाबायला घाम गाळला आणि शेजाऱ्याने ३१ डेसिबल आणून ओतले. मोठे टॉवर ४६ डीबीएमचे, ५०० मीटरवर, अँटेनाची धार एकमेकांकडे नाही असं धरूनही उणे ५१. हँडसेट जमिनीवर असतात, मधे भिंती येतात. टॉवर मात्र उंचावरून एकमेकांना थेट पाहतात.

---

जुना खांब

म्हणूनच ३जीपीपीने (मोबाइलची मानकं ठरवणारी संस्था) अख्खा घास घेतला नाही. रिलीज १८ मध्ये अभ्यास झाला आणि रिलीज १९ मध्ये काम घेतलं ते सबबँड फुल-डुप्लेक्सचं. एकाच टीडीडी वाहकाचे (कॅरिअरचे) पट्टे पाडायचे, मधला पट्टा अपलिंकला, बाजूचे डाउनलिंकला, एकाच वेळी. फ्रिक्वेन्सी एकमेकांवर चढत नाही. हँडसेट हाफ-डुप्लेक्सच राहतात. सगळ्या सेलनी तोच आराखडा पाळला तर शेजारच्या टॉवरची पूर्ण पॉवर माझ्या अपलिंक पट्ट्यात येत नाही, फक्त बाजूच्या पट्ट्यातून झिरपणारी येते. स्वतःच्या आवाजाचंही तेच, बराचसा भार फिल्टर आणि अँटेनातलं अंतर उचलतं.

'दुप्पट' वगैरे कुणी बोलतच नाही त्यात. डाउनलिंकचा पट्टा कमी होतो, हे मान्य करूनच चालतात. मिळतं काय? कडेच्या माणसाला दर स्लॉटला बोलायला मिळतं आणि तातडीचा डेटा अपलिंकच्या पाळीची वाट बघत बसत नाही. आणि कडेच्याला अरुंद पट्टा चालतो, कारण त्याला रुंदी वापरण्याइतकी पॉवरच नसते. टॉवरवालींनी वर जो हिशेब मांडला तोच.

---

फुरसतीत

त्यातही एक गंमत आहे. टीडीडीत अपलिंक फ्रेम बेस स्टेशनला ठरवून जराशी लवकर पोचवतात, ५जीच्या ६ गिगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांत सुमारे १३ मायक्रोसेकंद, रेडिओला ऐकण्यावरून बोलण्यावर वळायला वेळ मिळावा म्हणून. एकाच वेळी दोन्ही चालू असताना वळायचं काही नाही, पण ते १३ मायक्रोसेकंद राहिलेच तर अपलिंकची आणि डाउनलिंकची चिन्हं एकमेकांशी जुळत नाहीत. सायक्लिक प्रीफिक्स (दर चिन्हाआधीची राखीव सवड) ३० किलोहर्ट्झच्या उपवाहक-अंतराला सव्वादोन-अडीच मायक्रोसेकंदांचाच, त्यात हे बसणार कसं. मग पट्टे वेगळे असूनही एकमेकांत सांडतात. टायमिंग अ‍ॅडव्हान्स (अपलिंक किती लवकर पाठवायची ते ठरवणं) हीसुद्धा अपलिंक आवरायचीच दोरी आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही.

---

वाचनमात्र

मला आता एवढं कळलं की मैदानापलीकडच्या माणसाला बोलू द्यायचं आणि कानाजवळच्याला ऐकू द्यायचं. बाकीचं पुन्हा वाचतो. पण तुम्ही सगळे आकडे उणेमध्ये का बोलता?

---

आकडेमोड

कारण १ मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम, आणि हवेतून पोचतं ते त्याच्या कितीतरी खाली. त्यावर वेगळा धागा काढतो.

---

शून्य डेसिबल

चार दिवस गायब होतो, तर काम काय केलं ते सांगतो. शेड्युलर उलटा लिहिला. आधी अपलिंक ठरते, ज्याचा पाथ लॉस जास्त आणि रांग लांब त्याला झुकतं माप. मग त्याच्या आवाजात तग धरणारा डाउनलिंकवाला. दोन पायाभूत पॉवर. रँडम अ‍ॅक्सेस आणि पोचपावत्यांचे स्लॉट साधे. स्वतःच्या आवाजाचा आकडा स्थिरांक नाही, दर २० स्लॉटला हलतो.

एकूण थ्रूपुट टीडीडीच्या जरासं वर, सांगण्यासारखं नाही. पण कडेच्या पाच हँडसेटच्या रांगा ज्या आधी फुगतच जायच्या त्या आता रिकाम्या होतात.

एक मात्र कळेना. दर आठव्या मिलिसेकंदाला डाउनलिंकमध्ये एक खड्डा पडतोय, अगदी घड्याळ लावल्यासारखा.

---

जुना खांब

रिट्रान्समिशनचा स्लॉट राखून ठेवलात का?

---

शून्य डेसिबल

...नाही. बघतो.